थिन फिल्म म्हणजे काय? बीकरमध्ये सोलर सेलचा थर कसा तयार होतो?

बहुतेक टचस्क्रीनमध्ये इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर असतो. तो वीज वाहून नेतो, म्हणून तुमच्या बोटाचा स्पर्श फोनला कळतो. अशा अतिपातळ थराला थिन फिल्म म्हणतात. १०० नॅनोमीटरच्या फिल्मपेक्षा आपला केस शेकडो पट जाड असतो!

ऊर्जेशी काय संबंध?

छतावरच्या नेहमीच्या सोलर पॅनलमध्ये सिलिकॉनची चकती साधारण १५० मायक्रोमीटर जाड असते. कॅडमियम टेल्युराइडचा २-३ मायक्रोमीटरचा थर मात्र त्याच्या कामाचं बहुतेक ऊन शोषून घेतो. म्हणजे मटेरियल खूप कमी लागतं. सुपरकपॅसिटरमध्ये चार्ज पृष्ठभागावर साठतो, त्यामुळे तिथे बारीक छिद्रं असलेली फिल्म उपयोगी पडते.

महागडं मशीनच हवं का?

स्पटरिंगसारख्या पद्धतीला व्हॅक्युम चेंबर लागतो. केमिकल बाथ डिपॉझिशन, म्हणजे सीबीडी, मात्र बीकर, गरम पाणी आणि काचपट्टीवर होतं. या पद्धतीवर राजाराम माने आणि सी. डी. लोखंडे यांनी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून २००० साली आढावा लेख लिहिला. पुढे माने नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात थिन फिल्मवर संशोधन करू लागले.

थर कसा बसतो?

उदाहरण घेऊ कॅडमियम सल्फाइडचं. सोलर सेलमध्ये याचा पातळ थर वापरतात.

१. कॅडमियमच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया घालतात. तो कॅडमियमचे आयन धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो.
२. थायोयुरियातून सल्फाइड आयन मिळतात.
३. आयनिक प्रॉडक्ट हा सॉल्युबिलिटी प्रॉडक्टच्या वर गेला की काचेवर पिवळा थर बसू लागतो.

हो, लातूरच्या क्लासमध्ये घोटून घेतात तोच सॉल्युबिलिटी प्रॉडक्ट! अमोनिया कमी पडला, तर रिअ‍ॅक्शन झटपट होते आणि फिल्मऐवजी तळाशी नुसती पावडर साचते.

अडचण कुठे आहे?

कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे हा प्रयोग घरी अजिबात करू नका. उरलेलं द्रावण मोरीत ओतूनही चालत नाही. शिवाय छोट्या काचपट्टीवर जमलेला थर मोठ्या पॅनलवर सगळीकडे सारखा बसवणं अवघड असतं. पद्धत स्वस्त आहे म्हणून पॅनल लगेच स्वस्त होत नाही.

शिकायचं असेल तर?

१९९४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं उपकेंद्र लातूरला आहे. बीएस्सीला फिजिक्स किंवा केमिस्ट्री घेऊन या विषयाकडे वळता येतं. नीट-जेईईत नंबर लागला नाही, म्हणजे सायन्स संपलं असं नाही.