किल्लारीची माळवदे
गणेशविसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे गाढ झोपी गेली असता, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास जो भूकंप झाला, त्याने सुमारे दहा हजार माणसांचा बळी घेतला. आणि या संहाराचे कारण भूगर्भाइतकेच गृहरचनेतही होते, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. उन्हाच्या काहिलीपासून रक्षण व्हावे म्हणून मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवरचे, मातीचे थरांवर थर चढवून जड होत गेलेले माळवद, ही दोन्ही निद्रिस्तांवर एकदम कोसळली. त्यामुळे कित्येकांचा अंत जखमांनी नव्हे, तर नाकातोंडात माती जाऊन गुदमरल्याने झाला. अशा मृत्यूपुढे कितीही निष्णात शल्यविशारद हतबल ठरतो. तेथे उपयोगी पडतो तो शेजारीच, आणि किल्लारी, सास्तूर येथे हाती आलेल्या टिकाव-फावड्यांनी पहिले ढिगारे उपसले ते वाचलेल्या गावकऱ्यांनीच. अस्थिभंग झालेल्यांची, हातपाय चिरडलेल्यांची रवानगी सोलापूर, लातूरच्या रुग्णालयांकडे झाली. मागाहून लष्कर आले, पाऊसही आला, आणि प्रेते काढण्याचे काम चिखलात चालू राहिले. पंचनामे, सानुग्रह अनुदान, तात्पुरत्या पत्र्याच्या निवाऱ्यांची वाटणी या क्रमाने सरकारी यंत्रणा कामाला लागली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली.