आकड्यांच्या वाटेवरचा नाका

नाका म्हटला की थांबणे आले. आम्हां साकीनाक्याच्या रहिवाशांना हे निराळे शिकवावे लागत नाही. अंधेरी-कुर्ला रस्त्याला साकी विहार रस्ता जेथे मिळतो, तेथील खोळंबा पाहून पाहुणे कपाळाला हात लावतात. परंतु याच परिसरात, १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झपासून थेट पवईपर्यंत, संगणकाला कामाला लावणारी जी असंख्य तरुण मंडळी आहेत, त्यांची काळजी नेमकी उलटी! यंत्र गणित करीत सुटले आणि थांबेचना, तर त्याला आवरावे कसे? शेजारच्या चिरंजीवांनी हा प्रश्न मला सांगितला, तेव्हा मौज वाटली. कारण त्याचे उत्तम उदाहरण आपल्या देवळालीत सापडते.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली एक चमत्कार शोधून काढला. चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान संख्या वजा करावी. उत्तराशी पुन्हा तोच खेळ. १९६० घेऊन पाहा: ९४४१, ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. येथे गाडी थांबते, कारण ६१७४ मधून पुन्हा ६१७४ च निघतात. कोणतीही संख्या घ्या, सात पायऱ्यांच्या आत मुक्काम ठरलेला.

आता यंत्राला आज्ञा द्या, "उत्तर बदलायचे थांबेपर्यंत वजाबाकी करीत राहा." चार अंकांना ही आज्ञा ठीक आहे. पण पाच अंकी ५३९५५ दिली तर? उत्तर येते ५९९९४, आणि त्यातून पुन्हा ५३९५५! घाण्याच्या बैलाप्रमाणे यंत्र फिरत राहील. माणूस कंटाळून पेन्सिल खाली ठेवतो. यंत्राला कंटाळा ठाऊक नाही.

वाचक म्हणतील, आधीच तपासून पाहावे, म्हणजे झाले! येथेच खरी मेख आहे. १९३६ साली अ‍ॅलन ट्युरिंग या तरुण इंग्रज गणितज्ञाने जो सिद्धांत मांडला, त्याचे सार असे की, कोणतेही गणित केव्हातरी संपेल की नाही, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी एकच रीत असूच शकत नाही. १९६ चेच घ्या ना. संख्या उलटी करून तिच्यातच मिळवीत जायचे: ८८७, १६७५, ७४३६... दोन्हीकडून सारखी वाचता येणारी संख्या आली की थांबायचे. जॉन वॉकर या गृहस्थांनी १९८७ च्या ऑगस्टमध्ये यंत्र सुरू केले, पण दहा लाख अंकांची संख्या झाली की थांब, अशी मर्यादा आधीच घालून दिली. जवळजवळ तीन वर्षांनी, १९९० च्या मे महिन्यात, २४,१५,८३६ बेरजा करून यंत्र मर्यादेशी पोचले. हवी ती संख्या आली नव्हती. ती कधी येणार की नाही, हे आजही कोणी सिद्ध केलेले नाही.

म्हणून मर्यादा माणसानेच घालायची. यंत्रे जेव्हा थोडी आणि महाग होती, तेव्हा कामाच्या पत्रावरच वेळ लिहून देत. आयबीएमच्या १९६४ साली जाहीर झालेल्या ३६० मालिकेत मिनिटांचा आकडा लिहिण्याची सोय होती. तो ओलांडला की काम बंद, आणि निकालावर '३२२' हा शिक्का! १४४० लिहिले, म्हणजे पुऱ्या दिवसाची मिनिटे, तर मर्यादाच नाही असा अर्थ होई.

पण थांबवण्यातही रीत आहे. एक मार्ग असा की, गणितानेच प्रत्येक फेरीला घड्याळ पाहावे आणि वेळ झाली की आवरते घ्यावे. हा सभ्यपणाचा मार्ग. परंतु एकच फेरी लांबली, तर घड्याळ पाहणार कोण? दुसऱ्या मार्गात बाहेरचा पहारेकरी थांबवतो. युनिक्स प्रणालीत त्याची दोन पावले आहेत: आधी 'टर्म', म्हणजे विनंती, ऐकले नाही तर 'किल', म्हणजे गचांडी. गचांडीचा धोका उघड आहे. एका खात्यातून पैसे वजा झाले, दुसऱ्यात जमा व्हायचे राहिले, आणि नेमके तेव्हाच काम तोडले, तर? जावा भाषेत धागा असा मध्येच तोडण्याची आज्ञा होती. अर्धवट बदललेली माहिती तशीच उघडी पडते, हे ध्यानात आल्यावर १९९८ च्या आवृत्तीपासून ती वापरू नये असे कर्त्यांनीच बजावले. वॉकर यांचे यंत्र मात्र झालेले काम अधूनमधून नोंदवून ठेवी, त्यामुळे मध्येच बंद पडले तरी तेथून पुढे चालू शके.

ही युक्ती आपल्या पेढीवाल्यांना काही नवी वाटायची नाही. उधारी वसूल होवो न होवो, दिवाळी आली की जुनी वही बंद होई. मात्र बंद करण्यापूर्वी मागील बाकी नव्या वहीत ओढली जाई. सगळा हिशेब मिटेपर्यंत वही उघडीच ठेवू म्हणणाऱ्या पेढीला लक्ष्मीपूजनाचा दिवस कधी उजाडलाच नसता!