गोवराचा मागे राहिलेला हिशेब

येडगावसारख्या जुन्नर-आंबेगावच्या गावांत पूर्वी गोवर हा रोग नव्हता, देवीचा फेरा होता. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, पुरळ मावळले की देवी गेली म्हणायचे. दवाखान्यात न्यायचेच नाही, म्हणून कागदही उरायचा नाही. माझ्या मते पुढची चूक इथूनच सुरू होई. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या एखाद्या मुलाच्या मेंदूत विषाणू दडून राहतो आणि सहा ते दहा वर्षांनी डोके वर काढतो. याला एसएसपीई म्हणतात. डॉसन नावाच्या संशोधकाने त्याचे वर्णन १९३३ साली केले. पहिली लक्षणे मनाच्या आजारासारखी दिसतात : हुशार मुलगा अभ्यासात मागे पडतो, चिडतो, गप्प होतो. मग थोड्या थोड्या वेळाने अंगाला झटका बसू लागतो आणि हातातला पेला निसटतो. तोवर 'बाहेरचं' म्हणून देवऋषी झालेला असतो. गोवर कुणाला आठवत नाही, आणि विचारतही कुणी नाही.

हा दोष एकट्या खेड्याचा नव्हे. युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत एकेकाळी उपदंशाने मेंदू सडलेले कितीतरी रुग्ण असत. १९१३ साली नोगुची आणि मूर या संशोधकांनी अशा मेंदूंत उपदंशाचे जंतू दाखवले, तेव्हा कुठे 'वेड' म्हटलेली गोष्ट संसर्ग ठरली. यावर मानसोपचारतज्ज्ञ म्हणतील, आता प्रत्येक उदास मुलाच्या पाठीत सुई घालायची का? मुळीच नाही. उदासी आणि छिन्नमनस्कता हे खरेच आजार आहेत, आणि या संसर्गांपेक्षा कितीतरी अधिक आढळणारे. पण ताप, फिट, झटके, आलेले वाचन विसरणे, यातले काही दिसले तर आधी शरीर तपासायला काय हरकत? दुसरा आक्षेप अधिक बोचरा : एसएसपीई बरा होत नाही, मग निदानाने काय साधते? क्षयाचा मेनिंजायटिस मात्र बरा होऊ शकतो, आणि त्याचेही पहिले दिवस निव्वळ चिडचिडीचे आणि मरगळीचे असू शकतात. तिथे गेलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो.

गोवराची लस १९८५ पासून राष्ट्रीय लसीकरणात आहे. तरी २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात साथ आलीच. त्या साथीतली तान्ही बाळे २०३० च्या सुमारास शाळेत असतील, आणि त्यांना गोवर येऊन गेल्याची नोंद शाळेच्या दप्तरात बहुधा नसेल.