कॉम्प्युटरच्या आवाजात ‘टक-टक’ येतेय? स्पीकर बदलण्याआधी हे तपासा

शेंदूरजनाघाटमध्ये घरच्या डेस्कटॉपवर लेक्चर सुरू आहे आणि मध्येच ‘टक’, ‘चर्र’ असा आवाज येतो. कधी अर्धा शब्दच गायब होतो. पहिला संशय स्पीकरवर जातो. नवा स्पीकर आणला तरी त्रास तसाच राहतो, मग सीपीयू उचलून वरूडला न्यायची वेळ येते. बऱ्याचदा यातलं काहीच करायची गरज नसते.

नेमकं काय होतं?

डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची रांग. ४८ किलोहर्ट्झच्या आवाजात एका चॅनलसाठी सेकंदाला ४८,००० आकडे लागतात. कॉम्प्युटर ते ‘बफर’ नावाच्या छोट्या साठ्यात भरत राहतो. विंडोजमध्ये हे काम साधारण दर १० मिलिसेकंदांनी होतं. संत्र्याच्या बागेतलं ठिबक आठवा: टाकी वेळेवर भरली नाही की थेंब तुटतो. इथेही तसंच. साठा रिकामा झाला की आवाज तुटतो, आणि तेच आपल्याला ‘टक’ असं ऐकू येतं.

आधी या ४ चाचण्या करा

१. तोच स्पीकर किंवा हेडफोन मोबाइलला लावा. तिथेही खरखर आली तर दोष स्पीकरचा.
२. वायर हळूच हलवा. हलवल्यावरच आवाज तुटत असेल तर वायर किंवा जॅक खराब आहे. पुढच्या जॅकऐवजी सीपीयूच्या मागचा हिरवा जॅक वापरून पाहा.
३. डाउनलोड केलेलं गाणं लावा. ते नीट वाजलं आणि फक्त ऑनलाइन व्हिडिओ अडखळला, तर इंटरनेट किंवा ब्राउझर तपासा.
४. ब्लूटूथ हेडफोन असेल तर यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह काढून पाहा. त्यांचा अडथळा २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला होऊ शकतो.

सलग ‘घुंऽऽ’ असा आवाज असेल तर प्रकरण वेगळं. तो बहुतेक वेळा वीज आणि अर्थिंगशी संबंधित असतो. इलेक्ट्रिशियनला दाखवा.

विंडोज ११ मध्ये काय बदलाल?

सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड असं जाऊन तुमच्या स्पीकरवर क्लिक करा. ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. ‘फॉरमॅट’मध्ये ४८,००० हर्ट्झ निवडा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल.

फरक पडला नाही तर ड्रायव्हर बघा. मदरबोर्ड किंवा कॉम्प्युटर कंपनीच्या वेबसाइटवरूनच नवा ऑडिओ ड्रायव्हर घ्या. दोषी ड्रायव्हर आवाजाचाच असेल असंही नाही. वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो आणि फटका आवाजाला बसतो. ‘लेटन्सीमॉन’ हे सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर जास्त वेळ खातो ते दाखवतं.

उन्हाळ्यातच त्रास वाढतो का?

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यात पंख्यावर धूळ साचलेली असेल तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. मग बफर वेळेवर भरत नाही. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून धूळ साफ करा.

एवढं करूनही ‘टक-टक’ थांबली नाही, तर दुकानात जरूर जा. पण कोणत्या चाचण्या केल्या आणि काय दिसलं ते कागदावर लिहून न्या. मेकॅनिकचा वेळ वाचेल आणि नको तो पार्ट बदलण्याचा तुमचा खर्चही.