डॉक्टरचे हुकूम

निकोलाय आर्सेलचा 'अ रॉयल अफेअर' (2012) मी पहिल्यांदा पाहिला तो निव्वळ प्रेमकथा म्हणून. मॅड्स मिकेल्सन आणि अलिसिया विकांडर पडद्यावर असताना दुसरीकडे लक्ष जाणार तरी कुठे! नंतर त्या काळाबद्दल वाचत गेलो, आणि राणीपेक्षा डॉक्टरच्या टेबलावरचे कागद जास्त सतावू लागले.

इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची बहीण कॅरोलिन मॅथिल्डे 1766 साली, पंधराव्या वर्षी, डेन्मार्कच्या सातव्या ख्रिश्चनची राणी झाली. राजा मनोरुग्ण. त्याच्यावर उपचार करायला आलेला जर्मन डॉक्टर योहान फ्रीडरिश स्ट्रुएन्से आधी राजाचा विश्वासू झाला, मग राणीचा प्रियकर, आणि शेवटी देशाचा कारभारी.

सप्टेंबर 1770 मध्ये डेन्मार्कने छपाईवरची सेन्सॉरशिप पूर्ण उठवली. व्हॉल्तेरने राजाचं कौतुक करणारं काव्य लिहिलं. पुढे साधारण दहा महिन्यांत स्ट्रुएन्सेने हजाराहून जास्त हुकूम काढले, म्हणजे दिवसाला तीनहून अधिक. चौकशीतला छळ बंद, सरदारांच्या सवलतींना कात्री. बहुतेक गोष्टी योग्यच होत्या. पण माणसाला डॅनिश येत नव्हतं, हुकूम जर्मनमधून निघत, आणि नोकऱ्या गेलेल्यांची रांग वाढत होती. चालू यंत्रणा एका रात्रीत बदलायला निघालेले लोक मी माझ्या धंद्यातही पाहिलेत. त्यांचंही म्हणणं सहसा बरोबरच असतं.

आणि त्याने मोकळ्या केलेल्या छापखान्यांनी काय छापलं? त्याच्या आणि राणीच्या भानगडी. ऑक्टोबर 1771 मध्ये त्याला स्वतःलाच लेखकांवर कायद्याची जबाबदारी टाकणारा आदेश काढावा लागला. सरदारांना प्रेमाशी देणंघेणं नव्हतं, असं मला वाटतं. राजवाड्यातली लफडी त्यांना नवी नव्हती. पण सुधारणांवर खटला भरता येत नाही, व्यभिचारावर येतो.

17 जानेवारी 1772 च्या पहाटे, मुखवट्यांच्या नाचानंतर, दोघांना अटक झाली. चौकशीत आधी त्याने कबुली दिली, मग तिने. हा क्रम वाचताना मला त्याचा राग आला होता; आता तितका येत नाही. 28 एप्रिलला त्याचा उजवा हात तोडून मग शिरच्छेद केला. घटस्फोट आधीच झाला होता. राणीला क्रोनबोर्गच्या किल्ल्यातून जर्मनीतल्या सेलं इथे पाठवलं. तान्ही मुलगी लुईसं ऑगस्टं तिच्यासोबत कैदेत होती, ती मागे ठेवून घेतली. 1775 मध्ये राणी वारली, वय 23.

मुलीला दरबाराने कागदोपत्री राजाचीच मानलं, कुजबुज मात्र थांबली नाही. कॅरोलिनचा मुलगा फ्रेडरिक याने 1784 मध्ये, सोळाव्या वर्षी, कारभार हाती घेतला. 1788 मध्ये शेतकऱ्यांना जमीनदाराच्या जमिनीशी जखडणारा कायदा गेला. लुईसं ऑगस्टंची मुलगी कॅरोलिन अमालिये 1839 मध्ये डेन्मार्कची राणी झाली.