आकड्यापासून जर्सीपर्यंत

मी नाचणगावचा, कापसाच्या मुलखातला. एकेकाळी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर आकडा लागायचा. बाजार उघडतानाचा भाव ‘ओपन’, बंद होतानाचा ‘क्लोज’. पुढे तोच आकडा मटक्यातून निघू लागला.

१८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने हा गुन्हा. पण त्याच कायद्यात एक सूट होती: निव्वळ कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नाही. याच ‘कौशल्या’च्या आधारावर फँटसी ॲप्स फोफावली. ड्रीम इलेव्हन २०२० मध्ये आयपीएलच्या नावात आलं, २०२३ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवर.

आकडा लावणारा लपूनछपून लावायचा. ॲपवर टीम लावा, असं मात्र आपले लाडके खेळाडूच जाहिरातीत सांगायचे. मग पोरांना तो जुगार कसा वाटणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला: कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ बंद. पुढच्याच महिन्यात आशिया चषकात आपली जर्सी प्रायोजकाविना दिसली. ती कोरी जागा मला फार बोलकी वाटली.