पहाटेचा चीक

सिंगापूरला आलेल्या पाहुण्यांना आपण हमखास बोटॅनिक गार्डन दाखवायला नेतो. ऑर्किडसमोर फोटो होतात आणि फेरी संपते. पण २०१५ मध्ये युनेस्कोने या बागेला जागतिक वारसा ठरवलं, त्यात रबराच्या इतिहासाचा मोठा वाटा होता.

१८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचवल्या. तिथून पुढच्या वर्षी २२ रोपं सिंगापूरला आली. झाडं वाढली, पण चीक काढायचा कसा? ॲमेझॉनमध्ये कुऱ्हाडीने घाव घालत. घाव लाकडापर्यंत गेला की झाड जायबंदी होई. १८८८ मध्ये बागेचे संचालक झालेल्या हेन्री रिडली यांनी वेगळी रीत बसवली. सालीचा पातळ काप काढायचा आणि तीच खाच पुन्हापुन्हा ताजी करायची. झाड शाबूत राहतं, चीकही वाढतो.

खाच कशी द्यायची हे रिडलींनी ठरवलं. केव्हा द्यायची हे मात्र झाडातलं पाणी ठरवतं. चीक सालीच्या आतल्या बारीक नळ्यांत असतो आणि त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. दिवसा पानांची रंध्रं उघडी असतात, तिथून पाण्याची वाफ होऊन जाते. मुळांचा पुरवठा तेवढा भरत नाही. मग सालीतलंही पाणी ओढलं जातं आणि चिकाचा दाब उतरतो. रात्री रंध्रं मिटतात, मुळं तूट भरून काढतात. पहाटे हा दाब दहा वातावरणांच्या आसपास पोचतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ चौपट. तेव्हा खाच दिली की चीक आपसूक वाहतो. उन्हं चढली की धार मंदावते.

या हिशोबाने मळ्यातल्या माणसांचाही दिवस बांधला गेला. मोटारींमुळे रबराची मागणी वाढली, मलायात मळे पसरले आणि तमिळ मुलखातून हजारो मजूर आणले गेले. अंधारात उठायचं, शेकडो झाडांना खाच द्यायची, मग वाट्यांत साठलेला चीक गोळा करायचा. सुरी जरा खोल गेली तर झाड दुखावणार, वर राहिली तर चीक कमी येणार. ही नजर आणि हा हात त्यांचाच होता.

रिडली शंभरी ओलांडून १९५६ मध्ये वारले. त्यांचं नाव इतिहासात राहिलं. मजूर मात्र बहुतेक ठिकाणी आकड्यांतच भेटतात. आज आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गकडेही रबराच्या बागा आहेत. तिथेही सुरी घेऊन कुणीतरी पहाटेच बाहेर पडतं.